पांढरीचं पाणी

केशोरीत कोणालाही विचारा, "पांढरी कुठं आहे?" माणूस गाय दाखवणार नाही की बकरी दाखवणार नाही, सरळ सेवकरामच्या अंगणाकडे बोट करील. पांढरी म्हणजे सेवकरामची पिकअप. आता ती पांढरी राहिली आहे का, हे मात्र विचारू नका. बॉनेट राखाडी झालेलं, दारांच्या कडा गंजलेल्या, मागचा फाळका कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचा, चक्क निळा. पण नाव पडलं ते पडलं. केस पिकले म्हणून काळूरामाचा कोणी पांढुराम करत नाही.

सेवकरामचं सगळं आयुष्य चाकांवर गेलं. गोंदियाच्या एका राइस मिलच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला, पुढं ड्रायव्हर झाला, आणि दुसऱ्याच्या गाड्या हाकून हाकून जीव विटला तेव्हा ही पिकअप घेतली, तीही जुनीच. तिनं धान वाहिलं, मिरची वाहिली, मंडईच्या जत्रेतल्या नाटकांचे पडदे वाहिले, नवऱ्या मुलींची कपाटं वाहिली, आणि अडलेल्या बायांना अर्जुनीच्या दवाखान्यात वेळेवर नेऊन पोचवलं. गावातली कितीतरी पोरं आज मिशा पिळत फिरतात, ती पांढरीच्या भरवशावर जन्माला आली आहेत. त्यांना हे सांगितलं की फिदीफिदी हसतात, नालायक कुठले.

आणि एप्रिलमधली जयंतीची मिरवणूक! बाबासाहेबांचा फोटो बसायचा तो पांढरीवरच. गाडी पळत असली की तिला वारा लागतो, इंजिन थंड राहतं. मिरवणुकीत कुठला वारा? पुढं पोरं नाचतात, मागं बाया गाणी म्हणतात, गाडी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीनं, आणि वरून ऊन मी म्हणतं. भल्याभल्या नव्या गाड्या तिथं उकळतात. पांढरी कधी उकळली नाही. सेवकराम त्या दिवशी गळ्यात निळं उपरणं टाकून स्टेअरिंगवर असा ताठ बसायचा, की नवरदेवानं झक मारावी.

यंदाच्या थंडीत मात्र पांढरीनं दगा दिला. सकाळी रेडिएटरचं झाकण उघडावं तर पाणी उतरलेलं. काल गळ्यापर्यंत भरलं होतं, रात्रीतून गेलं कुठं? सेवकराम भरायचा, दिवसभर गाडी हाकायचा, संध्याकाळी पाहायचा तर पाणी जवळपास तेवढंच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खाली. हिरवं कूलंट केव्हाच संपलं, आता नुसतं नळाचं पाणी ओतणं चाललं होतं. गाडीखाली वाकून पाहावं तर थेंब नाही.

थेंब दिसणार कसा? खाली तणस होती ना, धानाचा पेंढा. त्याचं असं झालं, की सेवकरामची बायको रुक्माबाई अंगण शेणानं असं सारवायची, की त्यावर भात वाढून खावा. पांढरी घरी आली त्या पहिल्याच आठवड्यात तिनं त्या सारवणावर ऑइलचा काळा डाग पाडला. रुक्माबाईनं कमरेवर हात ठेवून सांगितलं, "लेकराले लंगोट बांधतेत, त तुमच्या गाडीखाली तणस टाका. नाईतं ठेवा तिले सडकेवर." तेव्हापासून पांढरीच्या पोटाखाली धानाच्या तणसाची जाड गादी असायची. मळली की खताच्या खड्ड्यात टाकायची, नवी पसरायची. घरात दुसरं काही नसेल, पण धानाच्या मुलखात तणसाला काय तोटा?

मग सेवकरामनं जुना ड्रायव्हरी इलाज केला. रेडिएटरला बारीक भोक पडलं की त्यात हळद टाकतात. ती फुगून भोकात बसते आणि गळती थांबते. रस्त्यावर अडकलेल्या कितीतरी गाड्या अशा हळदीवर घरी पोचल्या आहेत. सेवकरामनं रुक्माबाईचा डोळा चुकवून तिच्या डब्यातली हळद मुठीनं काढली आणि ओतली आत. पुन्हा दोन दिवसांनी ओतली. रुक्माबाई इकडं डबा हलवून पाहायची आणि उंदरांना शिव्या घालायची. पाणी पिवळंजर्द झालं, पण उतरायचं काही थांबलं नाही.

आणि एक दिवस घाईत पाणी पाहायचं राहिलं. मागं धानाची पोती रचलेली, नवेगावच्या जंगलातला रस्ता, आणि इंजिनाच्या गरमीचा काटा भस्सकन वर. बॉनेटमधून वाफ निघाली. मोबाइलला रेंज नाही. तिकडून मुलगा राजदीप नागपूरहून फोन लावून लावून थकला, इकडं रुक्माबाई दारात उभी राहून वाटेकडं पाहत राहिली. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं दोरानं ओढत गाडी अर्जुनीला नेली.

अर्जुनीचा घनश्याम मिस्त्री काही लबाड माणूस नव्हता. त्यानं तपासायचं तेवढं तपासलं. पाइप चाचपले, गाडी पाणी भरून तासभर चालू ठेवली, खाली पुठ्ठा टाकून पाहिला. पुठ्ठा कोरडा ठाक. तो म्हणाला, "देखो भाऊ, पानी बाहर गिरता नहीं. मग जाते कुठं? अंदर. हेड गॅस्केट, इंजन के अंदर की सील, गया समझो. इंजन खोलना पडेगा. और खोला, तो इस उमर की गाडी में और क्या-क्या निकलेगा, मैं नहीं बता सकता."

"ऑइल पाय ना, पांढरं नाही झालं," सेवकराम म्हणाला. "धूर पांढरा नाही. रेडिएटरात बुडबुडे नाहीत. मंग गॅस्केट कसा गेला?"

"आज नाही त उद्या दिसन."

सेवकराम हळूहळू, थांबत थांबत, पाणी पाजत पाजत गाडी घरी घेऊन आला.

राजदीपनं फोनवर एकदम शेवटचंच सांगितलं. "बाबा, बस झालं आता. जंगलात पडून राह्यला असता त? विका ते भंगार. आमगावचा दुलीचंद म्हणून भाजीवाला आहे, तो जुनी गाडी शोधून राहिला. रविवारी तो येनार पाह्यले." रुक्माबाई फोन हातात घेऊन म्हणाली, "बरोबर हाय पोराचं. माह्या अंगनातून जाऊ दे ते खटारं एकदाचं." मायलेक एका बाजूला झाल्यावर बापाची काय बिशाद! सेवकराम "हव" म्हणाला. आता गॅस्केट खरंच गेला असेल तर इंजिन उघडण्याइतका पैसा नाही आणि उमेदही नाही, हे त्यालाही कळत होतं. पण गाडी गेली की आपण उरतो कशाला, हे त्याला कळत नव्हतं. स्टेअरिंग सोडून त्याला काहीच येत नव्हतं.

तो आठवडा त्यानं घरात काढला. काढला म्हणजे काय, रुक्माबाईला वीट आणला. भाजीत मीठ किती पडलं ते सांगायचा. चूल कशी पेटवावी ते सांगायचा. कोंबड्यांना मोजायचा. ती म्हणाली, "जी, तुमी जरा चौकात जाऊन बसा ना." चौकात गेला तर पाच मिनिटांत परत. चौकातल्या लोकांनी पांढरीबद्दलच विचारलं असणार, दुसरं काय?

शनिवारी रुक्माबाईनं पदर खोचला. पाहुणा येणार, मग अंगण नको का नीट? सेवकरामला गाडी बाहेर काढायला लावली, जुनी मळकी तणस उचलून टाकली आणि दारापासून कुंपणापर्यंत सगळं सारवून काढलं. सारवण सुकल्यावर सेवकरामनं रेडिएटर काठोकाठ भरला, गाडी पुन्हा जागेवर लावली आणि नवी तणस घेऊन आला, तर ती ओरडली, "राहू द्या ते! पाव्हन्याले काय लंगोट दाखवता? एका रातीनं काही होत नाही."

रविवारी पहाटे कडाक्याची थंडी होती. शेजारच्या सुमित्राबाई पाणी भरायला निघाल्या, कुंपणातून सहज नजर टाकली आणि किंचाळल्याच. "रुक्माबाई! ओ रुक्माबाई! तुमच्या अंगनात कोनं हळद टाकली व! करनी हाय बाप्पा ही, करनी!"

सेवकराम आणि रुक्माबाई धावत बाहेर आले. गाडीच्या पुढच्या चाकामागं, स्वच्छ सारवलेल्या जमिनीवर, थाळीएवढा पिवळाधम्मक ओला डाग.

"करनीबिरनी आमच्यात चालत नाही, बाई," रुक्माबाई म्हणाली. ती खाली बसली, डागाला बोट लावलं, नाकाशी नेलं. ही हळद काही बाजारची नव्हती. तिच्या माहेरची, हातानं कुटलेली. तिचा वास ती झोपेतही ओळखायची. तिनं मान वर केली आणि नवऱ्याकडं पाहिलं. "हे त माही हळद हाय! आन् मी बिचाऱ्या उंदरायले शिव्या देऊन राहिली!"

एरवी सेवकरामनं तिथून पळ काढला असता. पण त्याचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. तो तसाच थंडगार जमिनीवर उताणा पडला आणि मोबाइलचा उजेड घेऊन गाडीखाली सरकला. डागाच्या बरोबर वर, रेडिएटरचा खालचा रबरी पाइप इंजिनाला जिथं बसतो, तिथं तो आवळून धरणाऱ्या क्लॅम्पवर एक पिवळा थेंब फुगत होता. फुगला, लोंबला, टपकन त्याच्या कपाळावर पडला. लगेच दुसरा.

"रुक्मा, गाडी चालू कर!" तो खालून ओरडला.

"मले येते का गाडी चालू करता?"

तो बाहेर आला, चावी फिरवली, पुन्हा खाली गेला. इंजिन तापत गेलं तसे थेंब विरळ होत गेले आणि थोड्या वेळानं थांबलेच. सेवकराम खाली पडल्या पडल्या एकटाच हसायला लागला. रबर जुनं, कडक झालेलं. थंडीत आखडायचं आणि क्लॅम्पखाली फट पडायची, रात्रभर ठिपकायचं. गाडी तापली की रबर फुगायचं, फट बंद. घनश्यामनं तर गाडी तासभर चालूच ठेवली होती, मग त्या बिचाऱ्याच्या पुठ्ठ्यावर पाणी पडणार कुठून? आणि घरी पडलेलं सगळं तणसाच्या पोटात. गॅस्केट जागच्या जागी होता. पाइपचं टोक बोटभर कापायचं, नवा क्लॅम्प कसायचा, झालं. हाय काय अन् नाय काय!

पाना आणि क्लॅम्प शोधून आणेपर्यंत ऊन चांगलं वर आलं, आणि बाहेर फटफटी वाजली. दुलीचंद आला. जाडजूड, गळ्यात मफलर, डोळे मात्र व्यापाऱ्याचे. रामराम-जयभीम झालं. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि दुसऱ्या चकरेत त्याला डाग दिसला.

"गाडी त गळून राहिली भाऊ," तो म्हणाला. "पोरगा बोलला होता, पाणी कुठं जाते समजत नाही म्हणून. इंजन गेलं वाटते. मले नाही जमनार ही."

आणि तो फटफटीकडं वळला की हो!

सेवकराम पाना हातात घेऊन उभा. आता नुसतं गप्प बसायचं होतं. तोंडातून चकार शब्द न काढता उभं राहायचं, दुलीचंद फटफटीला किक मारून आमगावला जाणार, आणि पांढरी अंगणात राहणार. खोटं बोलायचीही गरज नव्हती. पण त्यानं आजपर्यंत कोणापासून गाडीची खोड लपवली नव्हती, आणि नसलेली खोड तिच्या नावावर चढू देणं तर त्याला त्याहून वाईट वाटलं. एवढी इमानदारीनं राबलेली गाडी, तिला चारचौघांत मेलेली म्हणू द्यायची?

"इंजन चांगलं हाय, दुलीचंदभाऊ," तो म्हणाला. आवाज त्याचाच त्याला परका वाटला. "आत्ताच सापडलं. नुसता क्लॅम्प हाय. मले काही झालं तरी खोटं नाही सांगता येत. गाडी लगित दिवस चालन अजून."

दुलीचंद परत आला, खाली वाकला, पाइप हातानं हलवून पाहिला. ऑइलची कांडी काढून पाहिली. त्याचा चेहरा उजळला. "मंग त सौदा पक्का समजा! आजच नेतो."

सेवकरामनं होकाराची मान हलवली.

"विकाची नाही गाडी," दारातून आवाज आला. रुक्माबाई चहाचं भांडं घेऊन उभी होती.

"काऊन जी?" दुलीचंद गोंधळला. "तुमच्या पोरानंच त बोलावलं."

"पोराले म्या सांगीन काय सांगाचं ते." ती पुढं आली. "जंगलात अडकली होती तवा मले भेव वाटलं होतं, मनून हो बोलली मी. आता समजलं ना काय झालं होतं ते. आन् आठ दिस झाले, हा मानूस रोज सकायी बंद गाडीत जाऊन बसते. हँडल धरते, गिअर टाकते, आन् तोंडानं आवाज काढते. म्हातारा मानूस! याले वाटते कोनी पायत नाही. मी पायलं. रोज पायलं. मले रडू येऊन राहिलं होतं बाप्पा." तिनं नाक पदराला पुसलं आणि लगेच आवाज चढवला. "नेताच असान त याले न्या. भाजीतलं मीठ सांगाले बरा हाय."

दुलीचंद खदाखदा हसला. "मंग मले एवढ्या दूर कायले बोलावलं?"

"चहा प्याले. बसा."

सेवकरामला रडू आलं होतं आणि पाहुण्यासमोर रडायची लाज वाटत होती, म्हणून तो पाना घेऊन पुन्हा गाडीखाली शिरला. चहा संपला, दुलीचंदनं दुसरा कपही घेतला, तरी तो बाहेर येईना. क्लॅम्प केव्हाच कसून झाला होता.