बघून सांगते

शिकवणीच्या वर्गात बाईंना ‘बघून सांगते’ हेच नाव पडलं होतं. कुणी इंग्रजी शब्दाचं मूळ विचारलं आणि बाईंना ठाऊक नसलं, की त्या सरळ म्हणायच्या, “माहीत नाही. उद्या बघून सांगते.” आणि घरचे जाडजूड शब्दकोश उपसून खरंच बघून यायच्या. पोरं मागून नकला करायची, पण बाईंनी सांगितलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. या एका गोष्टीवर बाई जगत होत्या म्हणा ना.

सारख्या आवाजाचे शब्द म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण. फूलही फ्लॉवर आणि पीठही बोलताना फ्लॉवरच. पोरांना वाटलं, योगायोग. बाई बघून आल्या. मुळात शब्द एकच! दळलेल्या धान्यातला सगळ्यात बारीक, उत्तम भाग म्हणजे त्याचं फूल. स्पेलिंगं वेगळी झाली ती फार नंतर. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने टाळीच वाजवली. ही चष्मेवाली भारी चिकित्सक. “कुठल्या डिक्शनरीत?” असं विचारल्याशिवाय वहीत अक्षर उतरवायची नाही. बाईंची लाडकी.

क्लास बाईंच्या दिराचा. एके दिवशी तो मोबाईलचा स्टँड आणि गोल दिवा घेऊनच वर्गात आला.

“वहिनी, समोरच्या क्लासचे व्हिडिओ बघा. आपली पोरं तिकडे पळायला लागलीत. एक झकास गोष्ट सांगा. इअर म्हणजे कान, आणि कणसालाही इअरच म्हणतात. का? तर कणीस रोपाला कानासारखं चिकटलेलं असतं! लोक वेडे होतील.”

“भाऊजी, खोटं आहे ते. दोन्ही शब्दांची मुळं वेगळी. आवाज नंतर एक झाला.”

“अहो, कोण बघायला जातंय?”

बाईंना शिसारी आली. कुणी खरकट्या हाताने शब्दकोश चाळावा तशी. पण नवरा गेल्यापासून ही एक खोली, हा एक फळा, एवढंच तर उरलं होतं. आणि तेही दिराचं. बाई मोबाईलसमोर ती गोष्ट बोलल्या. वर कानाला हात लावून, मान वाकडी करून हसल्यासुद्धा. शी! घरी जाऊन त्यांनी चूळ भरली, परत भरली, तरी तोंडाची चव काही जाईना.

व्हिडिओ धो धो चालला. “वहिनी, तुम्ही तर हिरॉईन झालात!” म्हणत दीर दात काढत फिरला. नवी पोरं आली, बाक कमी पडले. जो तो कानाला हात लावून बाईंना नमस्कार करायचा.

शेवटी बाईंना राहवेना. भर वर्गात त्या म्हणाल्या, “ती कणसाची गोष्ट खोटी होती. कान वेगळा, कणीस वेगळं. वहीतून खोडा.”

कुणी पेन उचललं नाही. “असू दे ना बाई,” मागचा एक जण म्हणाला, “मस्त आहे ती.” सगळे हसले. बाईंना त्यांचा राग आला नाही, स्वतःची किळस आली. ही सवय त्यांना लावली कुणी?

चष्मेवाली मात्र हसली नाही. ती वहीची मागची पानं उलटत होती. एका पानावर थांबली.

“बाई, मग ती पिठाच्या फुलाची पण तुम्हीच बनवलेली ना?”

“अगं नाही! ती खरी आहे. शंभर टक्के खरी. बघून सांगितलीय मी.”

“बरं,” चष्मेवाली म्हणाली, आणि पट्टी लावून तिने पानावर तिरकी रेघ मारली.

“थांब, उद्या डिक्शनरीच घेऊन येते. तुझ्या डोळ्यांनी बघ.”

“राहू द्या बाई,” ती अगदी समजुतीने म्हणाली. “परीक्षेला नाहीये ते.”