पहिले सात ठोकळे

बारावीनंतर मी ठोकळ्यांच्या नादी लागले. वरून पडणारे ठोकळे फिरवून खाली बसवायचे आणि आडवी ओळ भरली की ती उडते, तोच खेळ. लोक तो वेळ घालवायला खेळतात. मी इंटरनेटवरून समोर माणूस घेऊन खेळायचे. आपण ओळी उडवल्या की समोरच्याच्या पाटीत खालून कचऱ्याच्या ओळी चढतात. ज्याचा ढीग वर टेकला तो हरला. अशा लढतीत सुरुवातीलाच बरंच काही ठरतं. सात आकार एकेकदा येऊन जातात, मग पुन्हा तेच सात. क्रम तेवढा बदलतो. म्हणून पहिले सात कुठे ठेवायचे ते आधीच पाठ करून ठेवता येतं. मी वरण ढवळताना ते पाठ करायचे, आणि आई म्हणायची, "या पोरीचं ध्यान कुठी असते काय माहीत."

मूल गावाहून पाहुणे मला पाहायला आरमोरीला आले, तेव्हा आईने सकाळीच बजावलं, "तो खेळ काढू नको. कॉम्प्युटर शिकवतो म्हण, अन् बस."

मुलगा कचेरीत नोकरीला होता. सोबत त्याची आई आणि मामा. जय भीम झालं, चिवडा झाला, चहा झाला. बोलायचं काम मामांकडे होतं. त्यांनी विचारलं, "पोरीले काय काय येते?"

"सारंच येते," आई म्हणाली.

मग आम्हा दोघांना बोलायला मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, बसवलं. मधे दार नव्हतं, नुसता पडदा होता. तो खाली बघत होता, मी कुंडीकडे बघत होते. शेवटी तो म्हणाला, "तुमाले छंद कायचा हाये?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण ऐन वेळी दुसरा छंद सुचेना. म्हटलं, "ठोकळे. वरून पडते ते."

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "सुरुवात कशी करता?"

हा प्रश्न मला आजवर कोणीच विचारला नव्हता. मी खुर्ची पुढे ओढली. "मी पहिल्या दहातच सारं साफ करतो. खाली काईच ठेवत नाई."

"पूर्ण साफ? धोक्याचं हाये. पहिले सात बसले, पण नंतरचे तीन मनासारखे आले नाई तं?"

"येतात."

"काऊन येतात? मी तसा भरोसा ठेवत नाई. मी एका बाजूले खाच ठेवतो, वर छप्पर काढतो, अन् टोपी आली का फिरवून छपराखाली घुसवतो." टोपी म्हणजे मधे टेंगूळ असलेला तो ठोकळा. आम्ही दोघंही त्याला टोपीच म्हणत होतो, याचं मला फार बरं वाटलं. पण मी ते दाखवलं नाही.

"टोपी उशिरा आली का तुमी बसा वाट पाहत," मी म्हटलं. "तोवर मी तुमाले गाडून टाकीन."

"इतक्या लोकांनी गाडाले पाहिलं मले."

"तुमी कोणासंग खेळता?"

"जो भेटन त्याच्यासंग. तुमी?"

"माहा जपानचा एक होता. रोज संध्याकाळी. आता सोडलं त्याले, फार हळू होता."

पडद्यापलीकडे कपबशी ठेवल्याचा आवाज आला. पडदा सरकवून मामा आत आले. त्यांचा चेहरा पडला होता. "पोरी, हा जपानवाला कोण?"

मागे आई उभी होती. तिने कपाळाला हात लावला होता.

सगळं समजावून सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. माझा कॉम्प्युटर आणि भावाचा जुना लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले, आणि तीन डाव ठरले. वडीलधारी मंडळी मागे पलंगावर बसली. पहिल्या डावात माझे नंतरचे तीनही मनासारखे आले. पाटी कोरी झाली, आणि त्याच्या पाटीत कचरा असा चढला की टोपी बघायच्या आत तो संपला. त्याची आई म्हणाली, "हे कसं हो? आताच तं बसला होता."

दुसऱ्या डावात टोपी वेळेवर आली. छपराखाली गर्रकन फिरून बसली, आणि मी हरले. आता मामांना खेळ कळला होता, निदान त्यांना तसं वाटत होतं. तिसऱ्या डावात ते उठून थेट भाच्याच्या मागे उभे राहिले.

तिसऱ्यात माझा क्रम वाईट आला. दोन्ही वाकडे ठोकळे आधी आले, आणि पाठ केलेलं सगळं फिसकटलं. त्याची खाच मात्र सुरेख जमली होती. टोपी बाजूला राखून ठेवलेली होती; एक ठोकळा तसा मागे ठेवता येतो. मधे फक्त लांब काठी आली, ती कडेला उभी सोडायची होती.

"आडवी टाक," मामा म्हणाले.

"मामा, उभी—"

"आडवी टाक म्हणतो ना. उभी पडन एखाद्याच्या अंगावर."

त्याने एकदा मामांकडे बघितलं आणि काठी आडवी टाकली. खाच बुजली. टोपीला जागाच उरली नाही. मी हळूहळू ओळी उडवत गेले आणि जिंकले.

मामा म्हणाले, "बरोबर टाकली होती. पोरगी हुशार हाये, म्हणून हरला."

तो नुसता गालात हसत लॅपटॉप मिटत होता. मामांवर चिडला नाही, मला कारण सांगायला आला नाही. आईने रात्री विचारायच्या आतच मी हो म्हणून टाकलं.

आता मी मूलला असते. डावाची सुरुवात कशी करायची यावरून आमची भांडणं चालूच आहेत. तो अजून छप्पर काढतो, मी अजून साफ करते. सासूबाईही शिकल्या. त्या सगळे ठोकळे डाव्या कोपऱ्यात रचतात, ढीग वर टेकतो, आणि खेळ संपला की फोन खाली ठेवून समाधानाने म्हणतात, "केवढा उंच गेला पहा."