साहेबांना खेळवायचं

"ताट जरा वर धर. फोटोत येत नाहीये."

भाऊसाहेब माइक बाजूला करून मला म्हणाले. ते आमच्या जळगावच्या टेनिस क्लबचे अध्यक्ष. क्लबचा वर्धापनदिन होता, स्टेजवर पाहुण्यांचे सत्कार चालले होते. शाल, श्रीफळ, गुच्छ. ते सगळं ताटात घेऊन मी उभी. काही वर्षांपूर्वी याच स्टेजवर अशीच शाल माझ्या खांद्यावर पडली होती. निवेदकाला आठवलं. म्हणाला, "आणि ताट घेऊन उभी आहे ती आपली माजी चॅम्पियन!"

वय एकोणीस. आणि माजी.

लोक हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही.

माझे वडील, नाना, त्याच क्लबात मार्कर. मार्कर म्हणजे क्लबचा पगारी खेळाडू. सकाळी कोर्टवर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या आणि मेंबर आले की त्यांच्याशी खेळायचं. जिंकायचं नाही. साहेबांना खेळवायचं. बॉल त्यांच्या फोरहँडला, कमरेच्या उंचीवर, अलगद. डॉक्टर, बिल्डर, केळीचे व्यापारी, सगळे घाम पुसत खुशीत घरी जायचे. मागे राहिलेले बॉल नाना गोळा करायचे. मी टेनिस शिकले ते त्यांच्याकडून. नानांना बरं नसलं की मेंबरांना मी खेळवायचे. त्या बदल्यात मला कोर्ट मिळायचं.

ज्युनियरमध्ये मी जिंकत सुटले. समोरची पोरगी थोड्या वेळाने आपणच चुकायची. मी फक्त बॉल परत टाकत राहायचे. सगळे म्हणायचे, काय संयम आहे पोरीत! पेपरात फोटो आला. भाऊसाहेब गावभर सांगत फिरले, "आपल्या क्लबची पोरगी." मला ते 'आपल्या' खरं वाटलं.

मग मोठ्या बायकांच्या व्यावसायिक स्पर्धा सुरू झाल्या. तिथे आपणहून कुणीच चुकत नाही. पात्रता फेरीतच हरायचे, बॅग उचलायची, जळगावची गाडी पकडायची. पुन्हा पुन्हा तेच.

एकदा नाशकात मात्र मी शेवटच्या सेटमध्ये पुढे होते. समोरची पुण्याची, तिशीतली, पार दमलेली. तिची डावी बाजू सताड मोकळी. तिथे मारला की संपलं. माझ्या हाताने बॉल नेऊन ठेवला तिच्या फोरहँडला. कमरेच्या उंचीवर. अलगद. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. मी बघत होते आणि हात ऐकत नव्हता.

मी हरले. नेटपाशी हात मिळवताना ती म्हणाली, "किती छान बॉल देतेस गं! माझ्याबरोबर प्रॅक्टिसला येशील?"

बिचारी मनापासून म्हणाली. मी "थँक्यू ताई" म्हटलं आणि बाथरूमची कडी लावून रडले. बॅकहँड कच्चा असता तर पक्का केला असता. माझा हातच नोकर होता. त्या दिवशी मला नानांची लाज वाटली. मग लाज वाटल्याची लाज वाटली. घरी एवढंच सांगितलं, हरले.

तर वर्धापनदिन. सत्कार आटोपले. भरीत-पुरीच्या पंगती बसायच्या आधी पाहुण्यांसाठी एक सामना ठेवला होता. भाऊसाहेबांचा मुलगा आणि मी. भाऊसाहेब नानांना म्हणाले, "मार्कर, पोरीला सांगून ठेवा. पाहुणे आहेत."

नाना माझ्याजवळ आले. माझ्याकडे न बघता बोलले.

"बठ्ठा बॉल त्याले फोरहँडले दे. भाऊसाहेबना पोर्‍या शे."

दिले, सगळे त्याच्या फोरहँडला. पहिले दोन गेम दिले. टाळ्या पडल्या. मग त्याने एक बॉल असा भिरकावला की थेट कुंपणाच्या चरात. तो जागचा हलला नाही. नुसता हात पुढे केला. "मार्कर, बॉल!"

नाना धावले. गुडघे धरून चरात उतरले. कार्यक्रमासाठी घातलेल्या नव्या पांढऱ्या शर्टाला चिखलाचा बॉल पुसला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. शर्टावर पोटापाशी तांबडा डाग. पोराने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

त्याने सर्व्हिस केली. माझा हात सवयीने त्याच्या फोरहँडकडे निघाला. मी मनगट वळवलं. बॉल मोकळ्या कोपऱ्यात गेला. तो हसला. त्याला वाटलं, माझा नेम चुकला.

"नीट दे ना," तो म्हणाला.

"देत नाहीये," मी म्हणाले. "खेळतेय."

त्यानंतर त्याला एकही गेम मिळाला नाही. टाळ्याही कुणी वाजवल्या नाहीत. पंगतीत आम्हाला कुणी बसा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. मार्करने कामावर यावं, मुलीने कोर्टवर येऊ नये.

नाना माझ्यावर चिडले. जेवले नाहीत. शेवटी म्हणाले, "मी कधी कोनले हारवं नही, म्हनीसन आपलं घर चालनं. आते तू कोठे खेळशी?"

नानांचं खोटं नव्हतं. त्याच हरण्यावर मी वाढले.

आता मी धुळ्याला मावशीकडे असते. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग मिलच्या भिंतीवर बॉल मारते. भिंतीवर कोळशाने मोकळा कोपरा आखलाय. परवा पुन्हा पात्रता फेरीत हरले. पहिल्याच सामन्यात, सरळ दोन सेटमध्ये. भाऊसाहेबांच्या क्लबात हसले असतील. हसू देत.

दमले की हात अजून जुन्या वाटेने जातो. कोपरा सोडून बॉल मधोमध, कमरेच्या उंचीवर, अलगद लागतो. तेव्हा मला तो शर्ट दिसतो. मी बॉल उचलते आणि पुन्हा मारते.

मी आणखी हरेन. कदाचित जन्मभर हरेन. पण ज्याला माझ्याकडून पॉइंट हवाय, त्याने तो धावून घ्यावा. नेऊन ठेवणार नाही.