वहिनींचा मुंढा आणि माझा आराखडा

"उठा, मोठं माणूस आलंय," असे दारातूनच सांगत आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी घरात शिरत आणि मी दिवाणावरून उठेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. मग दिवाणाच्या बरोबर मध्यभागी बसत. कडेला बसल्यास दुसरी कड वर उचलली जाते, हा प्रयोग त्यांनी एकदा मी दुसऱ्या कडेवर बसलेलो असताना करून पाहिला होता.

आमच्या मराठी मंडळाच्या माजी कार्यवाहांनी स्मरणिकेत वहिनींवर दीड पान लिहिले आहे. त्यातली दोन विधाने मला खटकतात. वहिनींनी घरी शिवलेल्या पोलक्याचा आराखडा मी काढून दिला म्हणून ते जमले, हे एक. आणि ते पोलके गणेशोत्सवात भर गाण्यात उसवले, हे दुसरे. दोन्ही खोटी आहेत. पहिले माझ्या गौरवाचे आहे, म्हणून ते खरे ठरत नाही. कार्यवाह हयात आहेत, चष्मा लावून वाचतातही. तेव्हा त्यांच्यादेखत सांगतो.

सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. कलकत्त्यात, बालीगंजच्या एका तिमजली घरात आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि वहिनी पहिल्यावर. त्यांचे यजमान बँकेत अधिकारी होते. दर चार-पाच वर्षांनी गाव बदलणारे. वहिनींचा गळा असा, की जिन्यातून चढणारा माणूस त्यांच्या दाराशी बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त करून थांबे. पण मंडळाच्या गणेशोत्सवात चार वर्षे त्या मागच्या रांगेत, अंगभर पदर लपेटून, इतरांच्या आवाजाखाली गात आल्या होत्या. लोक म्हणत, संकोची आहेत. संकोच नव्हता, बाही होती. कोणत्याही पोलक्यात त्यांचा दंड असा आवळला जाई, की हात खांद्यापर्यंतही उचलता येत नसे. मांडीवर तंबोरा उभा धरून तास दीड तास छेडायचा, तर तो हात मोकळा हवा.

त्या वर्षी यजमानांची नागपूरला बदली होणार हे नक्की झाले. वहिनींनी माझ्या पत्नीला, सुधाला, सांगितले, "जायच्या आधी एकदा मधोमध बसून, स्वतःच्या हाती तंबोरा घेऊन गायचंय मला. एकदाच. मग नागपुरात पुन्हा मागच्या रांगेत बसवा."

"मग शिंप्याकडून नवीन शिवून घे की," सुधा म्हणाली.

"त्याचं नाव काढू नकोस."

गडियाहाटजवळच्या त्या शिंप्याने दुकानभर बायका असताना वहिनींच्या दंडाचे माप मोठ्याने उच्चारले होते. आणि लिहून घेणाऱ्या भागीदाराला ते खरे न वाटल्यामुळे दुसऱ्यांदा, अधिक मोठ्याने. "पहिल्यांदा सांगितलं ते मी सोसलं," वहिनी म्हणत, "दुसऱ्यांदा सांगितल्यावर समोरच्या बाईंनी वळून खात्री करून घेतली."

म्हणून आमच्या पायमशीनवर शिकायचे ठरले. सुधा सांगते, "मी शिकवलं." सुधाने त्यांना सुईत दोरा ओवायला शिकवला, त्यापुढचे तिलाही फारसे येत नव्हते. पहिला आठवडा मशीनचे चाक उलटे फिरण्यात आणि दोरा तुटण्यात गेला. अखेर वहिनींनी डोळे मिटले, तोंडाने दादरा धरला आणि त्या लयीत पायाखालची फळी हलवली. चाक सरळ फिरू लागले. मधल्या खोलीतून "धा धिन् ना" ऐकू आले, की शिलाई सरळ जात आहे आणि शांतता झाली की दोरा तुटला आहे, हे मला वर्तमानपत्रातून डोके न काढता कळू लागले.

आता आराखड्याकडे वळतो. एका मासिकात पोलक्याचा कागदी नमुना आला होता, तो एखाद्या सडपातळ मुलीसाठी असावा. मी त्या काळी एका कारखान्यात आराखडा विभागाचा प्रमुख होतो. पुलाच्या तुळईपासून बॉयलरच्या झाकणापर्यंत मी काय मोठे केले नव्हते? मी म्हणालो, "वहिनी, यात अवघड काही नाही. प्रत्येक लांबी एक पूर्णांक एक तृतीयांश पट करायची."

"प्रत्येक?"

"प्रत्येक. प्रमाण राहिले पाहिजे."

रविवारची दुपार खर्चून मी तो नमुना मोठ्या कागदावर उतरवला. रेघ न् रेघ अचूक होती, हे आजही कोणी पडताळून पाहावे. त्यावरून वहिनींनी चांगले टू बाय टूचे कापड बेतले आणि आठ दिवस दादरा म्हणत शिवले. मग ते घालून, वरून पदर घेऊन, त्या बाहेर आल्या. गळा दोन्ही खांद्यांवरून ओघळत होता. मुंढा, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात ती गोलाई, बरगड्यांपर्यंत उतरला होता. आणि हात वर करताच हाताबरोबर अख्खे पोलके वर चालले.

सुधाने तोंडाला पदर लावला. वहिनी मात्र हसल्या नाहीत. हात तसाच अर्धवट धरून त्यांनी विचारले, "भावजी, माणूस जाड झाला म्हणजे त्याचा गळाही तेवढाच रुंद होतो का हो? खांद्याचं हाड वाढतं?"

मी म्हणालो, गणित बरोबर आहे.

"गणित बरोबरच आहे," त्या म्हणाल्या, "पण ते मला होत नाहीये." आणि त्या खाली निघून गेल्या. तीन दिवस दादरा ऐकू आला नाही. उत्सव दोन आठवड्यांवर आला होता, आणि कार्यवाह दोनदा येऊन विचारून गेले होते की मधली जागा दुसऱ्या कुणाला द्यावी का.

चौथ्या दिवशी मी गच्चीवर गेलो, तर वहिनी वाळत घातलेली माझी बंडी उलटी करून तिच्या काखेत डोळे घालून उभ्या होत्या. मी खाकरलो.

"तुम्ही हात वर करता तेव्हा ही वर जात नाही," त्या म्हणाल्या. "का जात नाही ते बघतेय. हे बघा, काखेत चौकोनी तुकडा आहे."

"तो चौबगला. पूर्वापार असतो."

"पूर्वापार असतो आणि तुम्ही पूल मोजत बसलात? भावजी, तुमच्या बंडीला जेवढं कळतं तेवढं तुमच्या कागदाला कळत नाही."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. आता कार्यवाहांनी नोंद घ्यावी. त्यानंतर वहिनींनी माझ्याकडून कागद घेतला नाही, सल्ला तर नाहीच. जुन्या चादरी फाडून त्यांनी चार पोलकी बेतली. मासिकातला गळा आणि खांदा होता तसाच ठेवला; रुंदी फक्त छातीपाशी आणि दंडाशी वाढवली, आणि काखेत बंडीसारखा चौकोनी तुकडा बसवला. चौथ्या पोलक्याला त्यांना असे उमगले, की मुंढा खोल केला की हात अडकतो आणि काखेशी वर घेतला की सुटतो. हे माझ्या सर्व अनुभवाच्या उलट होते, म्हणून मी वाद घातला. त्यांनी चादरीचे पोलके घालून आमच्या फडताळावरचा सर्वांत उंच डबा काढून माझ्या हातात दिला आणि वाद संपला.

उत्सवाच्या संध्याकाळी वहिनी मधोमध बसल्या. गडद निळे पोलके, बाही कोपरापर्यंत, तंबोऱ्यावर उजवा हात. नाट्यपदाचा अंतरा सुरू झाला आणि वीज गेली. त्या वर्षांत कलकत्त्यात ती रोजच जाई, त्यामुळे कोणी फारसे हलले नाही. कार्यवाह मात्र कंदील आणायला धावले, आणि त्याच क्षणी अंधारात टर्रकन कापड फाटल्याचा आवाज आला. हाच तो आवाज, ज्यावर त्यांनी दीड पान उभे केले आहे.

मी पहिल्या रांगेत होतो. तंबोरा एका मात्रेपुरताही थांबला नाही. ज्या बाईचे पोलके उसवले, ती अंधारात तार सप्तकात जाऊन आरामात समेवर येईल का? कंदील आला तेव्हा रंगमंचाचा बाजूचा पडदा वीतभर फाटून लोंबत होता आणि त्याच्या टोकाचा एक धागा कार्यवाहांच्या कोटाच्या गुंडीला अडकला होता. गाणे संपल्यावर आत गेलो, तर वहिनींनी दोन्ही हात वर करून मला सगळ्या शिवणी दाखवल्या. "मोजा," म्हणाल्या. "तुम्हाला मोजायला आवडतं ना."

एक टाकाही निघाला नव्हता.

दिवाळीनंतर वहिनी आणि यजमान नागपूरला गेले. हावड्याला आम्ही सगळे निरोप द्यायला गेलो होतो. पुढल्या उत्सवात मधली जागा कुणी घेतली, ते मला आठवत नाही. कार्यवाहांनी असेही लिहिले आहे, की गाडी हलली तेव्हा वहिनी रडत होत्या. मी कार्यवाहांच्याही पुढे उभा होतो. खिडकीतून बाहेर आलेला तो हात खांद्यापासून सरळ वर गेलेला होता आणि गाडी वळेपर्यंत खाली आला नाही. एवढे मी शपथेवर सांगेन. चेहऱ्याकडे बघायचे माझ्याच्याने झाले नाही. तेव्हा त्याबाबत कार्यवाह म्हणतात ते खरे असू शकेल.