लांबीखाली दडलेले शंख

माझा थोरला भाऊ फरशी पॉलिश करतो. तीस वर्षं हातात तेच मशीन आणि रविवारी चर्चमधला मुलांचा तोच वर्ग. बायबलमधल्या पिढ्या मोजून तो पृथ्वीचं वय छातीठोकपणे सांगायचा: सहा हजार वर्षं!

गेल्या महिन्यात माझी बारा वर्षांची लेक वर्गात उभी राहिली. "मामा, शाळेच्या पुस्तकात साडेचारशे कोटी लिहिलंय. खोटं कोण बोलतंय?"

"पुस्तकवाल्यांना विचार की," दादा म्हणाला. पोरं फिदीफिदी हसली. तेव्हापासून ही वर्गाला जाईना, मामाशी बोलेना. माझा जीव टांगणीला लागला. उद्या हिने देवावरच फुली मारली तर? आणि मामालाही कायमचं तोडलं तर?

आज दुपारी दादा चर्चमधल्या फरशा घासत होता. डबा द्यायला निघाले, हिलाही ओढत नेलं. पॉलिशचा तिसरा हात झालेला, दगड अजून ओला. ही एकदम किंचाळलीच, "आई, शंख!"

करड्या दगडात वाटीएवढा वळसेदार शंख! आतले पोकळ कप्पेसुद्धा मोजता यावेत इतका स्पष्ट.

"खोट आहे ती," म्हणत दादाने लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, डबा उघडला. "भोकं बुजवायची, रंग जुळवायचा. कुणाला पत्ता लागत नाही."

"म्हणजे असे आधीपण निघालेत?"

"शेकड्यांनी बुजवलेत, बये."

"मामा! अरे, तो जिवंत होता! समुद्रात! मग वर चिखल साचला, त्याचा दगड झाला. सहा हजार वर्षांत होईल का हे?"

लांबीची पट्टी हवेतच थांबली. दादा उकिडवा बसला, दगडावर बोट फिरवत राहिला. मग दाराकडे बघत पुटपुटला, "त्या उंबऱ्यावरून शंभर वर्षं माणसं चालतायत. झिजलाय किती, तर नखाएवढा. मग चिखलाचा दगड व्हायला किती लागली असतील!" आणि ताडकन उठला. "ए पोरी, देवाने सूर्य कितव्या दिवशी केला?"

"चौथ्या."

"मग पहिले तीन दिवस कशावरून मोजले? सूर्यच नव्हता! देवाचा दिवस म्हणजे काय माझी हजेरी आहे, आठ ते सहा? तीस वर्षं शिकवतोय आणि हे डोक्यात आलं नाही माझ्या!"

"मग बायबल खोटं नाही?"

"नाही गं. पिढ्या मोजून वय काढणारा मी शहाणा चुकलो."

त्याने डब्याचं झाकण घट्ट लावलं. शंख तसाच उघडा राहिला.

"रविवारी वर्गाला मी सांगू?" हिने विचारलं.

"तूच सांग. मी पोरांत बसतो."

मला रडू आवरेना. पण ही दोघं कुठली थांबतात! "बँकेच्या जिन्यात दोन बुजवलेत," दादा आठवत होता, "तुझ्या शाळेच्या दारात एक..." आणि ही भराभरा वहीत पत्ते उतरवून घेत होती.

आता मला नवीच धास्ती. मामा-भाची मिळून गावातल्या फरशा खरडत सुटणार!