गिटारची मान

अर्धांगवायूचा झटका आला आणि एलरॉय टिब्सच्या डाव्या हाताची दोन बोटं वळेनाशी झाली. त्याने ठरवलं, गिटारची मान, म्हणजे मुठीत धरायचा तारांखालचा दांडा, घासून बारीक करायची.

मेम्फिसमधल्या त्यांच्या छोट्या चर्चमध्ये पास्टर उपदेशाची एक ओळ म्हणून थांबायचे. एलरॉयची गिटार तिला उत्तर द्यायची. मग लोक उठून उभे राहायचे. तरुणपणापासून त्याने दुसरं काही केलं नव्हतं. सध्या ऑर्गन वाजवणारी नवी बाई वेळ मारून नेत होती. येत्या रविवारी पास्टरांनी त्याला पुन्हा बोलावलं होतं.

गिटार जुनी, त्याच्या बापाच्या तरुणपणातली. कोपर टेकायचं तिथला रंग उडून लाकूड उघडं पडलेलं. शेंड्यावर सिगारेटचे चटके. तारांचा आवाज टिपणारा पिकअप बदललेला, मानेवरचे धातूचे पडदे दोनदा नवे बसवलेले, एक खुंटी भलत्याच गिटारची.

"तिचं स्वतःचं असं काय उरलंय आता?" बायको व्हर्नेल विचारायची.

"मान," तो म्हणायचा.

गिटारी दुरुस्त करणारा होझिया त्याचा जुना दोस्त. त्याने हात लावायलाच नकार दिला.

"मागची ही काळी पट्टी दिसते ना? तिच्याखाली सळई आहे. तारांचा ताण तिच्यावर आहे, गाढवा."

"थोडंसंच घासायचंय रे."

"थोडंसं! स्वतःच्या लग्नात अर्धा केक एकट्याने खाणारा माणूस तू."

"मग तू काय करशील?"

"फुटक्या बाटलीचं तोंड बोटात घालून तारांवर सरकवत वाजव ना."

"त्याने गिटारला नुसतं रडता येतं. पास्टरांना उत्तर देता येत नाही."

तारा उतरवून, घराच्या मागच्या पायरीवर बसून तो स्वतःच पॉलिश पेपरने घासू लागला. घासायचा, मूठ आवळून बघायचा. बोट तारेच्या जागेपासून जरासं लांब राहायचं. पुन्हा घासायचा.

"एलरॉय, भेंडी तळलीये. गार होतेय."

"आलो."

तो गेला नाही.

संध्याकाळी बोटाला गार काहीतरी लागलं. पट्टी झिजून सळई उघडी पडली होती. पण बोटं पोचली होती.

"व्हर्नेल! पोचतंय गं!"

ती धावत आली. त्याने तारा चढवल्या, खुंट्या पिळल्या. मान हळूहळू वाकली. तारा वर उचलल्या गेल्या. बोट तारेवर होतं, पण तार पडद्याला टेकेना.

शनिवारी होझियाने मान सरळ करायला सळई पिळून पाहिली. ती लाकडातून बाहेर आली. त्याने शिवी दिली नाही.

"बोल ना काहीतरी," एलरॉय म्हणाला.

"काय बोलू?" होझियाने आपली गिटार पुढे केली. "ही घेऊन जा."

तिची मान जाड होती. एलरॉयच्या मुठीत ती मावली नाही.

रविवारी तो आपलीच घेऊन गेला. पास्टर एक ओळ म्हणाले आणि थांबले. एलरॉयने सगळा जोर लावला. तार खरखरली.

"बघा, ब्रदर टिब्स परत आलेत!" पास्टर हसून म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पास्टरांनी तीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा खरखर.

तिसऱ्या वेळी पास्टर ऑर्गनकडे वळले. ऑर्गनने उत्तर दिलं. लोक उठले.

एलरॉय तार दाबतच राहिला.