चावीवाल्याचं लायसन

घंटागाडी आली म्हणून कचऱ्याचा डबा घेऊन धावले आणि मागे वाऱ्याने दार लागलं. किल्ली आत, गॅसवर दूध. शेजारच्यांनी नाक्यावरच्या चावीवाल्याला फोन करून बोलावलं. त्याने एक चपटी पट्टी फटीत सरकवली आणि मी ओढणी सावरेपर्यंत दार उघडं. मी धावत जाऊन गॅस बंद केला. माझं घर इतक्या सहज उघडतं, हे मला माहीतच नव्हतं.

रिक्षावाल्याला बॅज लागतो, वडापावच्या गाडीला परवाना लागतो. तुम्हाला कोणी लायसन देतं का, असं मी त्याला जरा तोऱ्यातच विचारलं. तो हसला. असलं काही नसतं, आम्ही माणूस बघून उघडतो, म्हणाला. मग पट्टी पिशवीत टाकता टाकता म्हणाला,

"ताई, हे दार मी दिवाळीच्या आधीपण उघडलंय. तुमचे भाऊ होते ना?"

तो सांगत होता की गृहस्थ बहिणीचं घर आहे म्हणाले, पण त्याचं मन तयार होईना. तेव्हा त्यांनी त्याच्यासमोरच बहिणीला फोन लावला, 'हो आक्काबाई, उघडतोय,' असं बोलले, आणि मग याने दार उघडलं.

मला असा फोन कधी आलाच नव्हता. आणि जगात मला आक्काबाई म्हणणारा एकच माणूस आहे. तो घोटीला राहतो.

दिवाळीतलं सगळं आठवलं. लक्ष्मीपूजनाला आईच्या पाटल्या काढायला गेले, तर डबी रिकामी होती. लॅच शाबूत होतं. दुसरी किल्ली कोणाकडे असते, हे भावानेच भाऊबीजेच्या ताटावर विचारलं होतं. ती असायची कामवाल्या मावशींकडे. त्यांना कामावर ठेवताना मी पोलीस पडताळणीचा फॉर्म भरून घेतला होता. फोटो, आधार, अंगठा, सगळं. तोच फॉर्म हातात नाचवत मी सोसायटीच्या लोकांसमोर त्यांना चोर म्हटलं आणि घालवून दिलं. भावाचा संशय मला शिवलासुद्धा नाही. किती मूर्ख असावं माणसाने!

त्याच दुपारी पंचवटीत मावशींच्या खोलीवर गेले. सगळं सांगितलं. चुकले म्हणाले, पुन्हा कामावर या म्हणाले. त्या मेथी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. निवडता निवडताच बोलल्या.

"कामाचं राहू द्या, ताई. माझ्या फोटोचा त्यो कागद तुम्ही लोकांना दावला व्हता ना, त्यो तेवढा परत द्या."

तो मी कपाटात ठेवला होता, कुलपात.